पदाआधीचे काम : नवजात स्टार्टअपमधील प्रॉडक्ट मॅनेजर

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत कोणती वस्तू बनवायची, ती कोणासाठी बनवायची, तिच्यात आधी काय असावे, नंतर काय यावे आणि काय कधीच येऊ नये, हे ठरवण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीकडे असते तिला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. हे पद प्रोजेक्ट मॅनेजरच्या पदाहून वेगळे आहे. ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत आणि खर्चात पार पाडणे हा प्रोजेक्ट मॅनेजरचा प्रांत, तर मुळात ते काम हाती घेण्याजोगे आहे का, हा प्रश्न प्रॉडक्ट मॅनेजरच्या वाट्याचा. प्रोग्रॅम लिहिणारे अभियंते, पडद्यावरची रचना करणारे डिझायनर आणि विक्री सांभाळणारी माणसे या सर्वांशी या व्यक्तीचा रोजचा संबंध असतो, पण त्यांपैकी कोणीही सहसा तिच्या हाताखाली नसते. त्यामुळे हुकूम सोडून काम करवून घेण्याचा मार्ग तिला बंद असतो, आणि ग्राहकाविषयीची पक्की माहिती, युक्तिवाद व सहकाऱ्यांचा विश्वास एवढ्याच बळावर तिला निर्णय घडवून आणावे लागतात.

मोठ्या, स्थिरावलेल्या कंपनीत या पदाविषयी फारसा संभ्रम नसतो. संभ्रम असतो तो नवजात स्टार्टअपमध्ये, म्हणजे जिथे माणसे पाच-पंचवीस आहेत, पैसा संस्थापकांच्या बचतीतून किंवा उत्पन्न सुरू होण्याआधी गुंतवणूकदारांनी दिलेल्या पहिल्या रकमेतून, म्हणजे बीजभांडवलातून येतो, आणि आपली वस्तू नेमकी कोणाला हवी आहे हे अजून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. अशा ठिकाणी काही संस्थापक कंपनी भरलेली दिसावी म्हणून पहिल्या नेमणुकांतच प्रॉडक्ट मॅनेजर घेतात, तर काही जण हे पद म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले समजून ते वर्षानुवर्षे टाळतात. दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गफलत आहे, आणि ती म्हणजे काम आणि पद यांना एक समजणे. प्रॉडक्ट मॅनेजरचे काम स्टार्टअपमध्ये पहिल्या दिवसापासून असते. कोणीतरी ते करत असते, नाही तर ते न केल्याचे परिणाम सगळे मिळून भोगत असतात. पद मात्र बरेच उशिरा लागते.

या गफलतीचे कारण पदाच्या जन्मकथेत सापडते. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या कंपनीतील नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवले. त्यांच्याकडे कॅमे या साबणाच्या जाहिरातीचे काम होते आणि त्या साबणाला इतर कंपन्यांच्या साबणांशी तर झुंजावे लागत होतेच, पण खुद्द आपल्याच कंपनीच्या आयव्हरी या जुन्या, लाडक्या साबणाच्या सावलीतही राहावे लागत होते. एकेका साबणाच्या भवितव्याची जबाबदारी एकेका स्वतंत्र माणसावर आणि त्याच्या छोट्या गटावर सोपवावी, अशी त्यांची मागणी होती, आणि अशा माणसाला त्यांनी ‘ब्रँड मॅन’ म्हटले होते. पुढे हेच मॅकेलरॉय त्या कंपनीचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही झाले. पण व्यवस्थापनाच्या इतिहासात त्यांचे नाव टिकले ते प्रामुख्याने त्या टिपणामुळे. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदाची वंशावळ शोधणारे बहुतेक अभ्यासक त्या टिपणाशी येऊन थांबतात.

हे टिपण बारकाईने पाहिले तर त्यात दोन निरनिराळी कामे एकत्र बांधलेली दिसतात. पहिले काम समन्वयाचे : जाहिरात, विक्री, वेष्टन, उत्पादन अशा विभागांत विखुरलेले निर्णय एका वस्तूच्या हिताच्या दृष्टीने जुळवून आणायचे. दुसरे काम शोधाचे : ज्या प्रदेशात साबण खपत नाही तिथे स्वतः जायचे, दुकानदारांना आणि ग्राहकांना भेटायचे, न खपण्याचे कारण शोधायचे आणि त्यावर उपाय सुचवायचा. मोठ्या कंपन्यांत विभाग अनेक आणि वस्तूही अनेक असल्यामुळे तिथे पहिल्या कामाचे महत्त्व वाढत गेले आणि पुढे सॉफ्टवेअरच्या जगात हे पद आले तेव्हाही त्याच्याभोवती बैठका, वेळापत्रके आणि पुढच्या वर्षभरात काय बनवायचे याचा आराखडा, म्हणजे रोडमॅप, यांचा पसारा उभा राहिला. नवजात स्टार्टअपची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तिथे वस्तू एकच असते, विभाग नसतातच, सगळी माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि जुळवून आणावे असे फारसे काही नसते. नसते ती केवळ माहिती. म्हणून मॅकेलरॉय यांच्या टिपणातले दुसरे काम हेच स्टार्टअपमधील प्रॉडक्ट मॅनेजरचे खरे काम होय, आणि मोठ्या कंपनीतून पहिल्या कामाची सवय घेऊन आलेली गुणी माणसे स्टार्टअपमध्ये का चाचपडतात, याचेही उत्तर इथेच मिळते.

शोधाच्या या परंपरेचा एक धागा थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतो. स्कॉट कुक हे प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्येच काम केलेले गृहस्थ. त्यांनी टॉम प्रू यांच्यासह १९८३ मध्ये इंट्युइट ही कंपनी काढली आणि घरगुती हिशेब ठेवण्यासाठी क्विकन नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. या कंपनीत एक पद्धत रूढ झाली : कर्मचाऱ्यांनी दुकानात थांबायचे, आपले सॉफ्टवेअर नव्याने विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विनंती करायची आणि परवानगी मिळाल्यास त्याच्याबरोबर घरी जाऊन तो ते संगणकावर कसे चढवतो, कुठे अडतो, कुठे वैतागतो, हे मध्ये न बोलता पाहायचे. क्विकन घरच्या हिशेबासाठी बनवले होते, पण पुष्कळ लोक ते आपल्या छोट्या धंद्यासाठी वापरत होते, ही गोष्ट कंपनीला अशाच ग्राहक-अभ्यासातून दिसत गेली. सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष झाले, पण अखेर तिचा अर्थ लागला आणि १९९२ मध्ये क्विकबुक्स हे छोट्या व्यावसायिकांसाठीचे सॉफ्टवेअर आले, जे पुढे कंपनीचा मोठा आधार ठरले.

स्टार्टअप म्हणजे मोठ्या कंपनीची लहान आवृत्ती नव्हे, हा विचार उद्योजक आणि अध्यापक स्टीव्ह ब्लँक यांनी ठामपणे मांडला. त्यांच्या मते स्थिर कंपनी सिद्ध झालेला व्यवसाय चालवत असते, तर स्टार्टअप व्यवसाय कोणता हेच शोधत असते. हा शोध संपल्याच्या क्षणाला ‘प्रॉडक्ट-मार्केट फिट’ असे म्हणतात. म्हणजे अशी अवस्था की वस्तू आणि तिची गरज असलेला पुरेसा मोठा ग्राहकवर्ग यांची सांगड बसली आहे आणि लोक ती वस्तू स्वतःहून ओढून घेत आहेत. ही संज्ञा तंत्रज्ञान-उद्योजक मार्क अँड्रीसन यांच्या २००७ मधील एका लेखामुळे सर्वदूर पोहोचली, जरी त्यांनी स्वतः तिचे श्रेय गुंतवणूकदार अँडी रॅक्लेफ यांना दिले असले तरी. या सांगडीच्या अलीकडे असलेल्या कंपनीत प्रत्येक कल्पना म्हणजे केवळ एक गृहीतक असते, आणि कोणते गृहीतक चुकीचे ठरले तर सगळा डोलारा कोसळेल हे ओळखून तेच सर्वात आधी, सर्वात कमी खर्चात तपासणे हे प्रॉडक्टच्या कामाचे सार असते.

हे काम न झाल्यास काय होते, याचे सर्वात प्रामाणिक वर्णन एरिक रीस यांनी आपल्या ‘द लीन स्टार्टअप’ या २०११ च्या पुस्तकात स्वतःच्या कंपनीविषयी केले आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आयएमव्हीयू या कंपनीचा विचार असा होता की त्रिमितीय आकृत्यांचे, म्हणजे अवतारांचे रूप घेऊन लोकांनी एकमेकांशी गप्पा माराव्यात. त्या काळात संदेश पाठवण्याची अनेक जाळी प्रचलित होती, आणि एका जाळ्यावरचे मित्र सोडून कोणी नव्या जाळ्यावर येणार नाही, असे संस्थापकांना वाटत होते. हे तर्काला पटण्याजोगे होते, अर्थशास्त्रातील तत्त्वांशी जुळणारे होते आणि कागदावर निर्दोष होते. म्हणून त्यांनी स्वतंत्र जाळे न बनवता, आधीच्या सगळ्या जाळ्यांना जोडता येईल असे पूरक सॉफ्टवेअर बनवायचे ठरवले. तंत्रज्ञानाची बाजू सांभाळणाऱ्या रीस यांनी ही जोडणी शक्य करणारा हजारो ओळींचा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने खपून लिहिला, सहा महिन्यांत वस्तू बाजारात आणली, आणि ती कोणी घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले ते खरे तर आधी करायचे होते : सामान्य वापरकर्त्यांना कार्यालयात बोलावले आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिले. किशोरवयीन मुले अवतार सजवण्यात रमत. पण आता एखाद्या मित्राला बोलाव म्हटले की साफ नकार देत, कारण ही वस्तू आपल्या मित्रमंडळींत शोभेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती आणि तिच्यापायी हसे व्हावे असे त्यांना वाटत नव्हते. शिवाय एकाच वेळी अनेक संदेश-जाळी वापरण्याची त्यांना सवयच होती, तेव्हा आणखी एक जाळे घेण्यात त्यांना काहीच अडचण नव्हती. उलट अवतारांच्या माध्यमातून अनोळखी लोकांशी नवी ओळख करून घेणे त्यांना आवडत होते. ज्या एका गृहीतकावर सगळी रचना उभी होती तेच पोकळ निघाले, आणि तो परिश्रमपूर्वक लिहिलेला जोडणीचा प्रोग्रॅम टाकून द्यावा लागला. दिशा बदलण्याच्या या कृतीला स्टार्टअपच्या परिभाषेत ‘पिव्हट’ म्हणतात. रीस यांनी त्यानंतर स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता की हेच ज्ञान तो प्रोग्रॅम न लिहिता मिळाले नसते का; आणि उत्तर असे होते की वस्तूची माहिती देणारे एक पान आणि ती उतरवून घेण्याचे एक बटण एवढ्यावरही लोक येत नाहीत हे कळले असते.

आयएमव्हीयूमध्ये बुद्धीची, कष्टाची किंवा अनुभवाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती एका जागल्याची, म्हणजे काम जोरात चालू असताना ‘हे आपल्याला ठाऊक आहे की आपण धरून चालतो आहोत?’ असे विचारणाऱ्याची. नवजात स्टार्टअपमधील प्रॉडक्टच्या भूमिकेचे महत्त्व या एका प्रश्नात सामावलेले आहे आणि तो विचारणे वाटते त्याहून कठीण असते, कारण वेगाने काहीतरी बनत असताना सगळ्यांना आनंद होत असतो आणि प्रश्न विचारणारा माणूस त्या आनंदात खोडा घालणारा ठरतो.

ग्राहकांशी बोलणे हे एक कौशल्य आहे आणि ते दुर्दैवाने क्षुल्लक समजले जाते. ‘असे सॉफ्टवेअर मिळाले तर वापराल का?’ या प्रश्नाला सभ्य माणूस बहुधा होकार देतो, आणि त्या होकाराला शून्य किंमत असते. त्याऐवजी शेवटच्या वेळी ही अडचण कधी आली, तेव्हा काय केले, त्यात किती वेळ आणि पैसा गेला, आज त्या जागी काय वापरले जाते, असे घडून गेलेल्या गोष्टींविषयीचे प्रश्न विचारले तर सत्य हाती लागण्याची शक्यता वाढते. एखाद्या दुकानदाराने वहीत, व्हॉट्सॲपवर आणि एक्सेलच्या तक्त्यात मिळून उभी केलेली ओबडधोबड व्यवस्था ही गरज खरी असल्याची कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा भक्कम साक्ष असते.

वापरकर्ते मोजके असताना आकड्यांचे काय करावे, हाही नाजूक प्रश्न आहे. मोठी कंपनी एकाच पडद्याच्या दोन आवृत्त्या लाखो लोकांना दाखवून तुलना करू शकते. शंभर वापरकर्ते असलेल्या कंपनीत त्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष बहुधा योगायोग असतो. अशा वेळी सुपरह्यूमन या ईमेल सेवेचे संस्थापक राहुल व्होरा यांनी वापरलेली रीत अभ्यासण्यासारखी आहे. स्टार्टअपच्या वाढीचे तज्ज्ञ शॉन एलिस यांनी सुचवलेला एक प्रश्न त्यांनी आपल्या वापरकर्त्यांना विचारला : ही सेवा उद्या बंद झाली तर किती वाईट वाटेल? ‘फार वाईट’ म्हणणारे ४० टक्क्यांच्या वर असतील तर वस्तूने जम बसवला असे एलिस मानत. व्होरा यांच्याकडे तो आकडा केवळ २२ टक्के निघाला. त्यांनी मग ज्यांना फार वाईट वाटणार होते ती माणसे कोण, हे पाहिले, वस्तू त्यांच्यासारख्यांसाठीच आहे असे ठरवले, आणि पुढील श्रमांपैकी निम्मे त्यांना आवडणाऱ्या गोष्टी आणखी चांगल्या करण्यावर तर निम्मे काठावर असलेल्यांच्या अडचणी दूर करण्यावर लावले. ज्यांना सेवेचे काहीच वाटत नव्हते त्यांच्या सूचना बाजूला ठेवल्या. काही तिमाहींत तो आकडा ५८ टक्क्यांवर गेला. या उदाहरणातील खरे धाडस आकडा मोजण्यात नाही, तर कोणाचे ऐकायचे नाही हे ठरवण्यात आहे.

नकाराचे हे धाडस व्यवसायांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या स्टार्टअपमध्ये सर्वाधिक कसोटीला लागते. तिथे पहिला मोठा ग्राहक पैसे देतो आणि त्याबरोबर स्वतःच्या गरजेपुरत्या सुविधांची यादीही देतो. पगाराची चिंता असलेल्या कंपनीला ती यादी नाकारणे जिवावर येते. एक यादी पूर्ण होते, दुसरा ग्राहक दुसरी यादी आणतो, आणि दोन वर्षांनी कंपनीकडे एक वस्तू नसून प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी शिवलेली पाच सॉफ्टवेअर असतात, ज्यांची देखभाल करण्यातच सगळे अभियंते गुंतलेले असतात. मागणीमागची गरज ओळखून ती अनेकांना आहे की एकालाच, याचा निवाडा करणारे आणि तो विक्रीच्या माणसांना पटवून देणारे कोणी नसेल, तर उत्पादन-कंपनी नकळत सेवा-कंपनी होते.

आता हे काम कोणी करावे? सुरुवातीला संस्थापकांनीच, आणि याला पर्याय नाही. ग्राहकाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकणे आणि त्याच संध्याकाळी कंपनीची दिशा बदलण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असाव्या लागतात. मध्ये दुसरी व्यक्ती आली की अप्रिय सत्य सौम्य होऊन पोहोचते. प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन घरमालकांच्या दारी उभे राहिले आणि त्यांच्या घरांची चांगली छायाचित्रे काढू लागले, ते हे काम नोकरावर सोपवण्यासारखे नव्हते म्हणून. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील दिवसांत बेन हॉरोविट्झ यांनी प्रॉडक्ट मॅनेजरला त्या वस्तूचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हटले होते आणि ते वर्णन अतिशय लोकप्रिय झाले. पण जिथे कंपनी म्हणजेच ती वस्तू असते तिथे तो अधिकारी आधीच खुर्चीवर बसलेला असतो, आणि दुसरा नेमला तर भांडण तरी होते किंवा नवा माणूस संस्थापकाच्या इच्छा टिपून घेणारा लेखनिक तरी होतो.

पहिल्या प्रॉडक्ट मॅनेजरची वेळ येते ती साधारणपणे वस्तू आणि ग्राहक यांची सांगड बसू लागल्यावर. संस्थापक भांडवल, भरती आणि विक्री यांत इतके गुरफटतात की अभियंत्यांच्या शंकांना उत्तर मिळायला दिवसच्या दिवस लागतात. अभियंत्यांचे दोन-तीन गट होतात आणि एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक नसते. ग्राहक वाढतात पण त्यांच्याशी बोलणारे मात्र कमी होत जातात. अशा वेळी नेमायच्या व्यक्तीकडे मोठ्या नावाच्या कंपनीतील कारकीर्द असणे ही फार दुय्यम बाब मानावी. आराखडे आणि सादरीकरणे सजवण्यात रमणाऱ्यापेक्षा ग्राहकांच्या तक्रारींचे फोन स्वतः घेणारी, चार ओळींत प्रश्न मांडू शकणारी, डिझायनर नसेल तर पडद्याचे कच्चे चित्र स्वतः काढणारी आणि आपले गृहीतक चुकले हे उघडपणे सांगणारी व्यक्ती अधिक उपयोगी असते. अनेकदा ती बाहेर नसून ग्राहक-साहाय्याच्या किंवा अभियंत्यांच्या गटातच असते. संस्थापकाने तिला एक पूर्ण प्रश्न सोपवावा, जसे की नवे वापरकर्ते पहिल्या आठवड्यात का गळतात, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे व त्यावर निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य द्यावे. नुसत्या सुविधांची यादी सोपवली तर ते पद निष्फळ ठरते.

भारतात या कामाची उपेक्षा अधिक काळ झाली, आणि त्याचे कारण आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या घडणीत आहे. पुण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्ससारख्या कंपनीने परदेशी कंपन्यांची उत्पादने घडवण्याचे दर्जेदार काम केले आणि हजारो अभियंते तयार केले. पण या व्यवसायाच्या स्वरूपामुळेच काय बनवायचे हा निर्णय मुख्यतः ग्राहक-कंपनीकडे असे आणि कसे बनवायचे हे इकडे पाहिले जाई. त्यामुळे उत्तम अभियंते असलेल्या शहरांतही ग्राहकाच्या दारात जाऊन प्रश्न शोधणाऱ्यांची परंपरा तोकडी राहिली. ती उभी राहू लागली तेव्हा ती पदाशिवायच उभी राहिली. २००६ मध्ये बंगळुरूत फणींद्र सामा आणि त्यांच्या मित्रांनी रेडबस काढली ती बसमालक, तिकीट-दलाल आणि प्रवासी या तिघांकडे जाऊन, कोणत्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत हे एकालाही पुरते ठाऊक नसते, हे समजून घेतल्यावर. बसमालकांसाठी आधी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला प्रतिसाद मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तिकिटे विकायला सुरुवात केली. पुण्यात २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोरटे आणि रमणी कोथंडरामन यांनी स्थापन केलेल्या ड्रुवानेही वित्तसंस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरपासून आरंभ करून नंतर सर्व प्रकारच्या कंपन्यांच्या माहितीसंरक्षणाकडे मोहरा वळवला.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे आज नव्याने कंपनी काढणाऱ्या अभियंत्यांनी प्रॉडक्ट मॅनेजर कधी नेमावा ही चिंता काही काळ बाजूला ठेवावी आणि आपल्या पहिल्या वीस ग्राहकांच्या दुकानात, दवाखान्यात, गोदामात किंवा शेतावर स्वतः जाऊन बसावे. ते काम तिथेच सुरू होते.